चुन्यानं आखलेलं घर
कुठं पायाची आखणी चालू असली आणि चुन्याच्या फक्कीचा वास आला, की मला हिंगोलीतला तो मोकळा प्लॉट आठवतो. निजामाच्या राज्याचं शेवटचं वर्ष होतं. एका कापूस व्यापाऱ्यासाठी मी नकाशा केला होता: पुढं दुकान, मागं घर, वर मुक्कामी गिऱ्हाइकांसाठी खोल्या. त्याच्या बायकोला कागदावरचं काही कळेना, म्हणून मी जमिनीवर चुन्यानं भिंती आखल्या आणि दारांच्या जागा मोकळ्या सोडल्या. ती बरोबर दारातून आत आली आणि भर उन्हात स्वयंपाकघरात बसली. "चूल तिकडं सरकवा सायब, न्हाई तर समदा धूर लेकराच्या डोळ्यांत जाईल." मी रेघ पुसून पुन्हा मारली. तेवढ्यात व्यापारी धावत आला. "ऱ्हाऊ द्या आता. शेजारचं गाव जळून राहिलं. आमी सरहद्दीपल्याड वाशिमला चाललो." "परत कधी?" मी विचारलं. "आता कशाचं परत!" तो भिंती तुडवत निघाला. ती उठली, लुगडं झटकलं आणि माजघरातून, दुकानातून, एकेक दार धरून बाहेर पडली. तिथं पुढं काहीच उभं राहिलं नाही. मी नंतर पुष्कळ घरं, दुकानं, लॉज बांधले. पण कुणी घर सोडून गेलं म्हटलं, की मला तीच बाई दिसते.