डाव्या गालाचा काटा

माझ्या वडिलांना सगळे ‘सुई’ म्हणत. ट्रायलोबाइट म्हणजे कोट्यवधी वर्षांपूर्वी समुद्राच्या तळाशी रांगणारे, आता दगड झालेले प्राणी. ते जमवणाऱ्या हौशी लोकांचं एक मंडळ होतं, आणि तिथे खरा कोणता नि रेझिन, म्हणजे कृत्रिम राळ, ओतून केलेला नकली कोणता, हे बाबा ठरवत. सुई तापवून टेकवायची. दगड ढिम्म राहतो, रेझिन धूर सोडतं. मग आणणाऱ्याचा चेहरा पडे आणि बाबांना उकळ्या फुटत. त्यांचा तो आनंद मला लहानपणापासून घाणेरडा वाटे.

त्यांची स्वतःची सल वेगळीच होती. ट्रायलोबाइट वाढताना कात टाकत, तेव्हा डोक्याचे दोन्ही गाल सुटून पडत. बहुतेकांच्या हाती अशी बिनगालाची कातच लागते. चाळीस वर्षं दगड फोडून बाबांनाही कातच मिळाली होती.

आणि बाबांचे धाकटे भाऊ, माझे काका, फरशा कापायच्या कारखान्यात राबत; त्यांना एक दिवस गालांसकट अख्खा ट्रायलोबाइट सापडला. मंडळात न्यायच्या आदल्या संध्याकाळी ते आमच्याकडे आले. डाव्या गालाच्या टोकाला असतो तो काटा दगड फोडताना मोडला, तो डिंकाने चिकटवलाय, असं त्यांनी बाबांना सांगितलं. बाबांनी नुसतं हूं केलं.

दुसऱ्या दिवशी सगळ्यांसमोर बाबांनी सुई तापवली आणि नेमकी त्या काट्याच्या जोडावर टेकवली. धूर निघाला, वास सुटला. लोक हसले.

“दादा, तुला सांगितलं होतं ना,” काका म्हणाले.

“मला? काय सांगितलं होतंस?”

काका दादाला कधी उलटून बोलले नव्हते. दगड टेबलावर तसाच ठेवून ते निघून गेले. कचऱ्यात टाकतो म्हणून बाबांनी तो उचलला.

पुढे दोन वर्षं बाबा तो कोरून साफ करत राहिले. काटा नव्याने बसवला आणि तो दगड मंडळात स्वतःला सापडलेला म्हणून मांडला. कुणालाही ओळखू आला नाही.

मग एकदा काका घरी आले. तो दगड ठेवलेल्या काचेच्या कपाटापुढे बराच वेळ उभे राहिले. दगडाखालची चिठ्ठी त्यांनी वाचली.

“काटा छान बसवलास, दादा. मला असा जमला नव्हता.”

बाबांनी कौतुक झाल्यासारखी मान हलवली. काकांनी माझ्याकडे पाहिलं, आणि मी खाली बघितलं. चिठ्ठीवर शोधणारा म्हणून बाबांचं नाव होतं, आणि अक्षर माझं होतं.