शहरापुरती बहिरी

आमच्या आत्याला शहरात ऐकू यायचं नाही. गावाकडं तिचे कान इतके तिखट, की परसात कोंबडीनं अंडं घातलं तर हिला ओसरीवर कळायचं. पण एसटी मुंबईत शिरली, की आत्या पदर डोक्यावरून घट्ट ओढून घ्यायची आणि सगळ्यांना बजावायची, "चला, कान बंद." तिथून परतीच्या गाडीत बसेपर्यंत बाई ठार बहिरी.

आत्या म्हणजे माझ्या वडिलांची थोरली बहीण. नेवाशाजवळच्या आमच्या गावात चर्चच्या आवारातल्या दोन खोल्यांत एकटीच राहायची. उभी हयात मुलींच्या वसतिगृहात मेट्रन म्हणून गेलेली, त्यामुळे आपल्याला कुणी बनवू शकत नाही याचा तिला फार तोरा. निवृत्त झाल्यावर दर थंडीत चर्चच्या मंडळीतल्या दहा-बारा बायकांना घेऊन ती मुंबई दाखवायला निघायची. मी तेव्हा नगरला नोकरी करत होते. पाट्यांवर आता अहिल्यानगर लिहिलंय, पण माझ्या तोंडात अजून नगरच येतं. रजा काढून मीही दरवर्षी त्या सहलीला जायचे. समुद्र बघायला नव्हे, आत्याला बघायला.

"फशिवनारा आदी कानात शिरतो, मग पिशवीत," असं तिचं मत होतं. "त्याला कानातच घेतलं न्हाई तर तो जाईल कुटं?" म्हणून कुणी गोड बोलत जवळ आलं, की आत्या कानामागं हात धरून म्हणायची, "आँ?" तिचा चेहरा त्या वेळी इतका बापुडवाणा व्हायचा की समोरच्याला आपलं बोलणं पुन्हा सांगावंच लागायचं. मग पुन्हा "आँ?" तिसऱ्यांदा त्याचा आवाज चढायचा, आणि येणारेजाणारे माना वळवायचे.

एकदा फुटपाथवर एक जोडपं आडवं आलं. पायाभरणीच्या कामावर माती खणताना सोन्याचे मणी सापडलेत, सोनाराकडं गेलो तर पोलिसांत देईल, तुम्ही बायामाणसं आहात म्हणून सांगतो, मिळेल त्याला देऊन टाकतो. नवरा हे कुजबुजत होता आणि बायको मुठीतले पिवळे मणी दाखवत होती. आमच्यातल्या दोघीचौघी पुढं वाकल्यासुद्धा. आत्या म्हणाली, "आँ? काय सापडलं?" तो जरा मोठ्यानं म्हणाला, "मणी." "कशाचं?" आता सोन्याचे म्हणून भर रस्त्यात ओरडायचं कसं? माणूस घामाघूम झाला. शेवटी बायकोनंच त्याला दंडाला धरून ओढत नेलं. आत्यानं मागं वळून आमच्याकडं बघितलं आणि हळूच म्हणाली, "खोटं बोलनं वरडून सांगता येत न्हाई, बायांनो. खरं आसंल त्यो वरडंल." हे तिचं कायमचं शास्त्र झालं.

त्या शास्त्रापायी आमची फजितीही झालेली आहे. एका वर्षी चहा पिऊन आम्ही निघालो आणि मागून एक तरुण हाका मारत धावत आला, "अहो मावशी, थांबा, मावशी!" आत्या ऐकेना. उलट पाय उचलून चालायला लागली, आणि तिच्यामागं आम्ही सगळ्या. तो ओरडतोय, आम्ही पळतोय, अशी दोन चौकांची वरात निघाली. शेवटी वाहतूक पोलिसानं हात आडवा केला, तेव्हा त्या तरुणानं धापा टाकत आत्याची पिशवी तिच्या हातात दिली. चहाच्या टपरीवर राहिली होती. मी म्हटलं, "आत्या, हा तर ओरडून सांगत होता की गं." आत्या वरमली. पिशवीतला डबा उघडून तिनं त्याला लाडू पुढं केला, तर तो दोन पावलं मागं सरकला. म्हणाला, "माफ करा, अनोळखी माणसानं दिलेलं मी खात नाही." आत्याला तो इतका आवडला की परतीच्या गाडीत संगमनेर येईपर्यंत ती त्याचंच कौतुक करत होती. "शहाना हाय पोरगा," म्हणाली. "घरचं वळन चांगलं आसनार."

हे सगळं मी हसत हसत सांगते, पण यातच माझ्या हातून एक मोठी चूक झाली. पुढं आत्याला गावातही नीट ऐकू येईना. सुट्टीत घरचे सगळे तिच्याकडं जमले, की जेवताना मी काही विचारायचे आणि ती म्हणायची, "आँ?" आणि मी म्हणायचे, "आत्या, हे नेवासं आहे, मुंबई नाही." सगळे हसायचे. ती म्हणायची, "खरंच ऐकू येईना गं." त्यावर तर आम्ही आणखीनच हसायचो. फोनवर तिनं "आँ?" केलं की मी चेष्टेनं म्हणायचे, "मणी सापडलेत, घेतेस का?" ती फोन ठेवून द्यायची. चर्चमध्ये पहिल्या बाकावर बसून गीत उचलायचा मान इतकी वर्षं तिचा होता. पेटीचा सूर लागला की पहिला आवाज आत्याचा. ती मागच्या बाकावर जाऊन बसायला लागली, विचारलं तर म्हणाली, "हितं वारा लागतो." ते मात्र मी खरं मानलं. असं एक वर्ष गेलं.

मग एका रविवारी मी गावी गेले होते. आवारात मांडवाचं सामान घेऊन आलेला टेम्पो मागं येत होता आणि आत्या पाठमोरी उभी राहून तुळशीच्या आळ्यातलं गवत काढत होती. टेम्पो टँव टँव वाजत होता, ड्रायव्हर ओरडत होता, मी तर किंचाळतच पळाले. आत्या हलली नाही. हातभर अंतरावर टेम्पो थांबला, आणि मी तिचा खांदा धरला तेव्हा ती दचकून वळली. "कवा आलीस?" म्हणाली. मला रडूच फुटलं. तिला कळेना, ही का रडते.

दुसऱ्याच आठवड्यात मी तिला पुण्याला एका मोठ्या दवाखान्यात घेऊन गेले. फाटकापाशीच एक टापटीप माणूस पुढं आला. गळ्यात ओळखपत्र, हातात फाइल, बोलणं मधासारखं. कानाचे डॉक्टर का? ते आज रजेवर आहेत. पण काळजी करू नका, त्यांचंच दुसरं सेंटर मागच्या गल्लीत आहे, मशीन आजच्या आज मिळेल, आजींना पुन्हा खेप नको. मला तर देवानंच माणूस पाठवला असं वाटलं. मी नगरची शिकलीसवरलेली बाई, दहा मुंबई सहली केलेली, आणि निघाले की त्याच्या मागं.

आत्यानं माझा हात धरून ठेवला. तिला त्याचा एक शब्द ऐकू आला नव्हता. ती फक्त बघत होती. "काय म्हनतोय ह्यो?" तिनं विचारलं. मी तिच्या कानाशी ओरडून सांगितलं, "म्हणतो, डॉक्टर नाहीत आज." आत्या म्हणाली, "मग त्या समद्या बाया कानाला कापूस लावून केसपेपर घिऊन आत कुटं चालल्यात? आन् भाईर येनाऱ्यांच्या हातात औशदं कशी?" मी मान वळवली. खरंच की. पुन्हा त्या माणसाकडं वळले तर तो तिथं नव्हता. आत डॉक्टर शांतपणे आपल्या खुर्चीत बसून पेशंट तपासत होते.

कानाचं मशीन लागलं. मी विचारलं, "ऐकू येतंय का?" आत्या म्हणाली, "येतंय. लई वरडून बोलतीस तू." डॉक्टरांनी बजावलं, दिवसभर घालून ठेवायचं. आत्यानं मान डोलावली, आणि दवाखान्याच्या फाटकाबाहेर पाऊल टाकताच मशीन काढून बटव्यात टाकलं. मी कपाळावर हात मारला. पण गावी मात्र ती ते इमानानं घालायची. पुढच्या रविवारी पहिल्या बाकावर बसून तिनं गीत उचललं. सूर थोडा वर गेला, पेटीवाल्यानं निमूट सांभाळून घेतलं. मी मागं बसून डोळे पुसत होते. तरीही त्या वाया गेलेल्या वर्षाबद्दल तिला काही बोलायचं धाडस मला होत नव्हतं.

पुढं माझं लग्न झालं आणि मी पुण्यामार्गे बंगळूरला निघाले. आत्या मला सोडायला नगरच्या स्टँडवर आली होती. तिचं हे शेवटचं दर्शन असेल, हे तेव्हा मला कसं कळावं? लाउडस्पीकरवर पुटपुटल्यासारखं काहीतरी झालं, मला कळलं नाही, पण आत्या म्हणाली, "तुजी पुन्याची गाडी चार नंबरला लागलीय." मी चढले, खिडकीत बसले. ती खाली उभी. तेव्हा कुठं माझ्या तोंडून निघालं, "आत्या, मला माफ कर. मी वर्षभर तुझं खरं मानलं नाही."

आत्यानं कानामागं हात धरला. "आँ?"

मी पुन्हा सांगितलं. पुन्हा "आँ?" आणि तोच बापुडवाणा चेहरा. तिसऱ्यांदा मी खिडकीबाहेर अर्धी वाकून ओरडले, "आत्या, मला माफ कर! माझं चुकलं!" अख्खा स्टँड वळून बघायला लागला. शेंगदाणेवाला थबकला. कंडक्टरनं या बाईनं काय पाप केलंय अशा नजरेनं माझ्याकडं बघितलं.

आत्या हसली. "आता खरं वाटलं," म्हणाली. "पयल्यांदा म्हनलीस तवाच ऐकलं हुतं." आणि वर हात करून तिनं माझा गाल कुरवाळला.

गाडी हलली. मी वळून बघत राहिले. आत्यानं आधी डोळे पुसले. मग मशीन काढलं, बटव्यात टाकलं आणि पदर डोक्यावरून घट्ट ओढून घेतला. दोन रिक्षावाले "कुठं जायचं आजी?" करत तिच्याकडं निघाले होते, आणि आत्या ठार बहिरी झाली होती.