सोवळ्यातली शेवंती

आमच्या शिरड शहापुरात बंडोपंतांच्या दोन ओळखी. एक, मारुतीचे पुजारी. दुसरी, घरोघर झुरळं मागत फिरणारा माणूस. "वहिनी, मोरीत घावलं तर मारू नका हो, जितं द्या. अन् फवारा मारलेलं नको," म्हणून डबी पुढं करतात. मी म्हणते, "पंत, शिधा मागायचा सोडून हे काय नवीन?" तर लाजतात बिचारे.

झुरळं लागतात शेवंतीला. शेवंती म्हंजे तळहाताएवढी केसाळ कोळीण, कोळी किड्यातली मादी, काचेच्या पेटीत राहती. पंतांच्या पोरीनं, रेवतीनं, पाळलेली. पुण्यात खोलीवाली म्हणाली, एक तर तू ऱ्हा न्हाई तर ती. मग आणून ठेवली बापाकडं. पहिल्या दिवशी पंत कॉटवर चढून बसले होते. आता तासतासभर तिच्याशी बोलतात. त्यांची बायको गंगूताई म्हणती, "माझ्याशी एवढं बोलले असते तर संसार गोड झाला असता."

त्यात अंगणातल्या कालूला पिसवा झाल्या. कुत्रं दिवसभर खाजवून राहिलं. जनावराच्या डॉक्टरनं मानेवर तेलकट औषध सोडलं. रेवतीला कळलं तशी फोनवर वरडली, "बाबा, ज्या औषधानं पिसू मरती त्यानं शेवंती बी मरंल! कालूला हात लावून पेटीत हात घालू नका. अन् त्याला आत येऊ देऊ नका."

दुसरा कुणी साबणानं हात धुतला असता. पण पंत पडले पुजारी. "म्हंजे शेवंती सोवळ्यात!" म्हणाले, अन् पेटी नेली देवघरात. तिला धूर सोसत न्हाई म्हणून उदबत्ती गेली अंगणात. देवानं तक्रार केली न्हाई. कालूला हात लागला की आंघोळ, धूतवस्त्र, मगच पेटी. थंडीत दात वाजायचे. मी भिंतीवरून विचारायची, "पंत, मारुतीचं तरी एवढं सोवळं पाळता का?"

"मारुतीला पिसवाचं औषध बाधत न्हाई, वहिनी."

एक दिवस सकाळी गंगूताईची किंकाळी ऐकून मी धावले. शेवंती उताणी पडलेली. आठी पाय वर.

पंत अंगणात कालूची मान खाजवत बसले होते. तसेच आत आले. रंग उडाला तोंडाचा. "माझ्याच हातानं गेली. कुठं तरी विटाळ झाला." अन् पेटीचं झाकण काढून तिला सुलटी करायला हात घालणारच होते!

"अहो!" गंगूताई कडाडली. "कुत्र्याला हात लावून देवघरात? आधी आंघोळ!"

"अगं, ती मरून पडली अन्..."

"मेली तर मेली. सोवळं मोडायचं न्हाई."

नवरा हुकमाचा ताबेदार. गेले न्हाणीत. आतून तांब्याचा आवाज येईना, हुंदकेच येऊन राहिले. मला बी कसंसंच झालं. चिडवायला माणूस लागतो ना धड. म्हणून मी रेवतीला व्हिडिओ कॉल लावला अन् फोन पेटीवर धरला.

पोरगीनं नीट बघितलं अन् म्हणाली, "मावशी, हात लावला का कुणी?"

"न्हाई बाई. तुझ्या आईनं लावू दिला न्हाई."

"मग जिती आहे! मेली असती तर पाय पोटाखाली गोळा झाले असते. ती कात टाकून राहिली. आता तिला नुसता धक्का लागला तरी जाईल, अन् कालूचं औषध लागलं असतं तर संपलंच होतं."

मी न्हाणीच्या दारावर थाप मारली. "पंत, रडणं बंद करा. शेवंती नवं लुगडं नेसून राहिली, दार लोटून घ्या!"

मग आम्ही तिघं देवघराच्या उंबऱ्यावर बसलो. बोलायचं न्हाई म्हणून पंतांनी दटावलं. मी अन् गप्प! माझे हाल कुणाला सांगू? दुपारी कुठं जुनी कात बाजूला पडली, अन् तिच्याशेजारी शेवंती, काळीभोर, मखमलीवानी. तिनं एक पाय हलवला तर पंतांनी हातच जोडले.

गंगूताई डोळे पुसत म्हणाली, "बघितलं? सोवळ्याला नावं ठेवता सगळे."

तेवढ्यात कालू दारात येऊन शेपूट हलवायला लागला. पंतांना इतका आनंद झालेला, की त्यांनी जाऊन त्याच्या गळ्यात मिठीच मारली.

"झालं," गंगूताई उठली. "पाणी तापवते."