आडवा न होणारा कागद

आगरदांड्याच्या जेटीवर भेटलेले ते काका अजून डोक्यातून जात नाहीयेत, म्हणून पटकन लिहून टाकते. नाव विचारायचं राहूनच गेलं.

फेरीबोटीला वेळ होता. काका बाकावर बसून जाड पांढऱ्या कागदाचा माणूस करत होते. कात्रीने बारीक काप द्यायचे, नखाने घडी दाबायचे, आणि सपाट कागदातून खांदे, पाठ, किंचित वाकलेली मान वर यायची. इतकं भारी, की मी सरळ शेजारी जाऊन बसले.

"माझा पोरगा," ते म्हणाले. "होडीवरनं पडला, गावलाच न्हाय. उद्या पुतळा करून अग्नी द्यायचाय. भटजी दर्भाचा करतात, पण त्याची आय म्हणते, तोंड त्याचंच पायजे."

काकांनी त्याला बाकावर निजवलं. तो हळूहळू उठून बसला. त्यांनी घडी बदलली, पाठीला नवा काप दिला, परत निजवलं. परत उठला. वारा अजिबात नव्हता.

"सकाळपास्नं ह्येच चाललंय. तू दाब बघू, पोरी."

मी त्याच्या छातीवर अंगठा ठेवला. कागद खालून ढकलत होता, श्वास घेतल्यासारखा. मी हात काढून घेतला.

काकांनी कात्री बाजूला ठेवली. मग फोन लावून म्हणाले, "भटजी, उद्या येऊ नका. त्याला जायचं न्हाय."

घडीत ताण राहिला की कागद उठतोच, हे मला सांगता आलं असतं. पण बोटीत चढताना मागे पाहिलं, तर काका त्याला नीट बसता यावं म्हणून बाकावर जरा सरकून बसले होते.