अर्ध्या पंगतीचं मीठ

उजव्या हाताची तीन बोटं जुळवून, चिमटीत काही धरल्यासारखं करत शेजारचे हवालदार दगडी गडग्यावरून डोकावायचे आणि आईला विचारायचे, "वैनी, मीठ हाय ना घरात?"

असायचं. बरेचदा तेवढंच असायचं. वडील बंदरावर उतारूंच्या ट्रंका वाहायचे. पावसाळ्यात बोटी बंद झाल्या की आमची चूलही अर्धी बंद. नाचणीची पेज आणि कालवण म्हणून मीठ. आई म्हणायची, "मीठ हाय भावोजी, पेजेचं तेवढं बघा." त्यावर ते खूश. "मग झालं तर! मीठ असलं की माणूस पडत नाय. सायबानं तोलून बघितलंय."

हा साहेब म्हणजे पलटणीतला गोरा डॉक्टर. बसऱ्याकडच्या वाळवंटात शिपाई उन्हात किती टिकतो, हे शोधायला सरकारने त्याला नेमलं होतं. आमच्या हवालदारांच्या तुकडीला तो भर दुपारी पाठीवर ओझी देऊन चालवायचा. आधी तोलायचा, नंतर तोलायचा, आणि घाम पुसलेला पंचासुद्धा तोलायचा. हवालदार हा हुद्दा मात्र आमच्या आळीने दिलेला. पलटणीने त्यांना शेवटपर्यंत शिपाईच ठेवलं. "तुमचा घाम मातीत जातो," ते आळीला ऐकवायचे, "माजा काट्यावर चढलाय!"

रत्नागिरीला परतल्यावर त्यांनी संशोधन बंद केलं नाही. लाकडाच्या वखारीत राखणदार म्हणून लागले आणि तिथला काटा आयताच हाती आला. किल्ला चढायला जाणाऱ्याला जाताना-येताना तोलायचे. माझी आत्या ओरडायची, "मी काय जळाऊ लाकूड हाय, मेल्या?" एकदा तर श्राद्धाच्या जेवणाआधी आणि नंतर त्यांनी भटजींनाच काट्यावर बसवलं. हवालदारांनी निकाल दिला, "ह्यो गडी उलटा चालतो."

तुमच्याही आळीत असा एखादा असेलच. आपण त्याला हसतो आणि तो चार दिवस दिसला नाही की चौकशी करतो.

मी शिष्यवृत्तीवर मुंबईला कॉलेजात गेलो. सुट्टीत आलो की आधी काटा, मग घर.

"कॉलेजात कवायत नाय, मग घटलास कशानं?"

"अभ्यासानं, काका."

"म्हंजे तुजा घाम आतल्या आत जिरतो. वाईट."

मी बी.ए. झालो. आमच्या घराण्यात तोवर अंगठ्याशिवाय दुसरी सही नव्हती, हे मी अभिमानाने सांगतो आणि सांगणारच. त्या संध्याकाळी हवालदार गडग्यावरून न डोकावता दारातून आत आले, पाटावर बसले.

"इंग्रजी समदी झाली ना तुजी? मग माजं एक काम हाय."

आणि त्यांनी सांगितलं. साहेबाने तुकडीचे दोन भाग केले होते. निम्म्यांच्या पाण्यात मीठ, निम्म्यांना नुसतं पाणी. पाणी कालवायचं काम हवालदारांकडे. बिनमिठाचे गडी रुसले, "आमी काय बेइमान? खाल्ल्या मिठाला आमी जागणार नाय?" सरकार मीठ खायला घालून इमान बांधून घेतंय, अशी सगळ्यांची पक्की समजूत.

"आता तूच सांग," हवालदार म्हणाले, "पानात पयलं वाढतात ते मीठ. अर्ध्या पंगतीला वाढायचं नि अर्धीला नाय? मी समद्यांच्यात टाकलं. गपचूप."

"मग?"

"मग काय! दोनी बाजू सारख्याच चालल्या. सायब म्हनला, मिठानं काय फरक नाय. त्यानं तसं वर कळवलं असंल, तर आता कुठं कुठं पोरं बिनमिठाची उन्हात पडत असतील. माज्यापायी."

काम ते हेच: साहेबाला हे खरं इंग्रजीत सांगायचं. मी हो म्हटलं.

पुढच्याच महिन्यात भरतीसाठी एक गोरा लष्करी डॉक्टर आला. "हा तुमचा साहेब नव्हे," मी म्हटलं. "सायब समदे एकाच पंगतीचे," ते म्हणाले. ऐन उन्हात उसना कोट घालून मी त्यांच्याबरोबर भरतीच्या मांडवात गेलो.

मी बी.ए.ला शोभेल अशा इंग्रजीत सुरुवात केली. 'खाल्ल्या मिठाला जागणे' आलं आणि मी बेधडक भाषांतर केलं: हा मनुष्य मीठ खाल्ल्यामुळे जागा राहिला.

साहेब गंभीर झाला. "किती रात्री?"

मी विचारलं. हवालदारांनी छाती काढली. "जन्मभर!"

साहेबाने तातडीने त्यांच्या डोळ्यांखालची कातडी ओढून पाहिली.

मग मी शोभा सोडली. सरळ म्हणालो, साहेब, याने चोरून सगळ्यांना मीठ दिलं. तुमच्या लोकांची परीक्षा चुकली. त्याला भीती वाटते, पोरं मरतील.

साहेबाने हात मागे घेतला आणि विचारलं, "उन्हात कोणी पडलं होतं का?"

"एक नाय."

"मग मिठाचं काम त्याने दाखवलंच की. आता उन्हात आम्ही मीठ देतो. सगळ्यांना."

मी सांगितलं. हवालदारांनी पुन्हा विचारायला लावलं, "समद्या पंगतीला?"

"समद्या पंगतीला," मीच उत्तर दिलं. साहेब मान डोलावत होता.

हवालदार कोणी न सांगता भरतीच्या काट्यावर चढले. श्वास रोखून उभे राहिले. मला म्हणाले, "बग, किती उतरलो ते."

ते गेले त्या दिवशी मी खांदा दिला. चढावर आत्येभाऊ पुटपुटला, "आज काका काट्यावर केवढे भरले असते रे?" आणि आम्ही चौघेही हसलो, तिरडी हलेपर्यंत. आई अजून जेवताना गडग्याकडे बघते आणि मग पानात मीठ वाढते, सगळ्यांच्या.

मी आमच्या घराण्यातला पहिला बी.ए. त्या बी.ए.चं पहिलं काम झालं ते हे: एका शिपायाचं खरं साहेबापर्यंत पोचलं.