डावीकडची शेवटची जागा

आमची कंपनी तेव्हा काश्मीरमध्ये, एका डोंगरी गावाखालच्या पोस्टवर होती. काम ठरलेलं होतं. पहाटे हत्यारं घेऊन मोर्चावर सज्ज, म्हणजे स्टँड-टू, मग रोड ओपनिंग पार्टी. म्हणजे दिवसाची पहिली गाडी जाण्याआधी आम्ही रस्ता पायी तपासायचा. मोरीखाली वाकून बघायचं, ताजी उकरलेली माती दिसली की थांबायचं, आणि संध्याकाळी शेवटची गाडी गेली की पोस्टवर परतायचं. लोकांना वाटतं, फौजेत रोज गोळीबार असतो. रोज असतं ते चालणं.

मी सेक्शन कमांडर होतो. माझ्या सेक्शनमध्ये किसन चव्हाण होता. आम्ही दोघं कळमनुरी तालुक्यातल्या एकाच तांड्यातले, एकाच भरतीत गेलेले. किसन बुटका. भरतीत उंची मोजताना त्यानं मान इतकी ताणली, की मोजणारा हवालदार म्हणाला, "अबे, साँस तो ले." काठावर पास झाला. फौजेत फॉल-इन होताना उंचीनं उभं राहतात. ऑर्डर असते, "लंबा दाहिने, छोटा बाएँ." सर्वांत उंच तो उजव्या टोकाला, सर्वांत बुटका तो डाव्या. त्यामुळं किसनची जागा कधी बदलली नाही. डावीकडची शेवटची. कोणी चिडवलं तर म्हणायचा, "मला हुडकायला तकलीफ न्हाई ना होत? मंग झालं."

त्या वर्षी तिथं निवडणूक लागली. वरच्या गावातल्या शाळेत मतदान होतं. मतदान मशीनची पेटी घेऊन जाणाऱ्या मास्तरांना आणि त्यांच्या माणसांना वर न्यायचं आणि सुखरूप खाली आणायचं, ही ड्यूटी आमच्या सेक्शनला मिळाली. आमची स्वतःची मतं पोस्टानं गेली होती. किसन म्हणाला, "आपलं मत पोस्टात, अन् आपण दुसऱ्याच्या मताला राखण बसून राहिलो. जवारीला बसतो तसं."

दिवसभरात फार माणसं आली नाहीत. धमक्या होत्या. दुपारी ओढ्यापलीकडं एक म्हातारी दिसली, एकटीच. पाणी गुडघाभर आणि डोंगरावरच्या बर्फाचं.

"जाऊ का?" किसननं विचारलं.

मी मान हलवली. तो उतरला, हात धरून तिला अलीकडं आणलं, मत देईपर्यंत बाहेर थांबला आणि तसंच पलीकडं पोचवलं. जाताना तिनं दोन्ही हात त्याच्या गालावर ठेवले आणि काहीतरी बोलली.

"काय म्हणाली?" मी विचारलं.

"काय की. शबूद कळला न्हाई. पर आपली याडी बोलती तसंच बोलली." आमच्या गोरमाटी बोलीत आईला याडी म्हणतात.

परतताना ओढ्याच्या वळणावर फायर आला. मास्तर आणि मशीन मध्ये होते. किसन सर्वांत मागं होता. तो पळाला असता तर आडोसा दहा पावलांवर होता. तो पळाला नाही. मास्तरांना खडकामागं ढकललं आणि तिथंच गुडघा टेकून त्यानं फायर सुरू केला. वायरलेसवर माझं आणि पोस्टचं बोलणं झालं ते एवढंच.

"पोलिंग पार्टी?"

"आड में. पेटी सुरक्षित. ओव्हर."

"कॅज्युअल्टी?"

"एक. चव्हाण. ओव्हर."

"हालत?"

मी बटण दाबलं आणि बोलायचं राहून गेलं. पलीकडच्या साहेबांनी दुसऱ्यांदा विचारलं नाही.

किसनला घेऊन मीच तांड्यावर आलो. त्याची पोरगी कोमल तेव्हा रांगत होती. सोबत आलेल्या अधिकाऱ्यांनी त्याच्या आईला सांगितलं, की तुमच्या मुलानं प्राण दिला पण मतांची पेटी वाचवली. किसनच्या आईला सगळा तांडाच याडी म्हणतो. ती रडत नव्हती. तिनं माझ्याकडं बघितलं.

"पेटी वाचली म्हन्ता. पेटीला याडी हाय का रे, प्रेमसिंग?"

 त्यानंतर तिच्यापुढं कोणी त्या दिवसाचं नाव काढलं, की ती उठून घरात जायची. आणि ती मत द्यायला पुन्हा कधी गेली नाही.

इथवर एका घराचं दुःख होतं. पण आमच्या तांड्याची एक रीत आहे. बाया कुठंही निघाल्या, लग्नाला, बाजाराला, पाण्याला, तर मिळून निघतात आणि सर्वांत म्हातारी पुढं चालते. तिचं दार बंद असेल तर बाकीच्या तांड्याबाहेर पाऊल टाकत नाहीत. आमचं मतदान गावातल्या शाळेत, तांड्याच्या ओढ्यापलीकडं. याडी निघेना, म्हणून एकही बाई निघेना. गडीमाणसं मत देऊन यायची, बाया हळद निवडत बसायच्या. एक निवडणूक गेली, दुसरी गेली. कोणाला त्यात काही वावगं वाटेनासं झालं.

मी पेन्शनीवर येऊन तांड्यावर राहिलो. गेल्या निवडणुकीच्या वेळी कोमल सातवीत होती. शाळेत गुरुजींनी पोरांना एक काम दिलं होतं. आपल्या आईबापाला मतदानाला तुम्ही आणायचं. शपथ झाली, प्रभातफेरी झाली. वर्गात खोट्या पेटीवर खोटं मतदानही झालं. सहल औंढ्याला न्यायची की धरणावर, यावर. धरण निवडून आलं. एका मतानं पडलेली औंढा पार्टी अजून फुरंगटलेली आहे.

शनिवारी शाळा सुटल्यावर कोमल माझ्या ओट्यावर येऊन बसली.

"काका, आजी येत न्हाई म्हणती. आजी न्हाई तर माय न्हाई. माय न्हाई तर कोणाचीच माय न्हाई."

"मग?"

"पावसाळ्यात ओढ्याला पाणी आलं की आमची शाळा बुडती. गुरुजी म्हणले, तांड्यातून मतंच कमी येतात, तुमची पुलाची मागणी कोण मोजून राहिलं. पोरं म्हणतात, तुझ्या आजीमुळं."

 माझ्या मनात आलं, जाऊन याडीशी बोलावं. पण तिच्या त्या पेटीच्या प्रश्नाचं उत्तर घेतल्याशिवाय तिच्या दारात कसा उभा राहणार? मी कोमलला म्हणालो, "मला समजवायला येत नाही. ड्रिल येते. ती शिकवतो."

पुढचे दिवस मंदिरापुढच्या लिंबाखाली आमची परेड चालली. रोड ओपनिंग पार्टी कशी करायची ते शिकवलं. सकाळी घरोघर जायचं, आई उठली का, चूल झाली का, ओळखपत्र हाताशी आहे का बघायचं आणि लिंबाखाली येऊन रिपोर्ट द्यायचा. मग सगळ्या आयांना फॉल-इन करायचं. आणि एक नियम. सगळे हजर झाल्याशिवाय पार्टी हलत नाही. कोणाला मागं सोडायचं नाही. एका चिमुरड्यानं विचारलं, "मतं मोठ्यांची, अन् परेड आमची काहून?" मी त्याला गप्प बसवलं, पण प्रश्न बराबर होता.

मतदानाच्या सकाळी पोरांनी तांडा डोक्यावर घेतला. "राठोडांचं घर ओके!" "आड्यांचं घर ओके, पर माय पावडर लावून राहिली!" बाया हसत-लाजत लिंबाखाली आल्या. हळद उकडण्याचे दिवस, सगळ्यांचे हात पिवळे. कोमलनं छाती फुगवून ऑर्डर दिली, "लंबा दाहिने, छोटा बाएँ!"

मी कपाळावर हात मारला. मी त्यांना जसं शिकवलं तसंच त्यांनी केलं होतं. आयांना उंचीनं उभं केलं होतं. माझी बायको शांता तांड्यात सर्वांत उंच, ती उजव्या टोकाला. मला म्हणाली, "जलमभर मागं ठिवलं, आज पयला नंबर. किती दिवस टिकायचं हे?"

रांग लागली. डाव्या टोकाला, कोमलच्या आईच्या शेजारी, पोरांनी एका माणसाची जागा रिकामी ठेवली. समोरच याडीचं दार. दार लोटलेलं.

"आता चला," मी म्हणालो.

"कसं चलता, काका? सगळे हजर कुठं हायेत? तुमीच सांगितलं ना."

पोरं ऐकेनात. बाया घामाघूम. ऊन चढायला लागलं. कोणाचं लेकरू रडायला लागलं, कोणाला कढईतली हळद आठवली. एक-दोघी परत फिरण्याच्या बेतात आल्या. आता रांग मोडली तर ती पुन्हा लागणार नाही, हे मला कळत होतं. पोरांना मी हा नियम दिला नसता तर निदान अर्ध्या तरी गेल्या असत्या, असंही वाटून गेलं.

तेवढ्यात कोणीतरी बाई म्हणाली, "अन् याडीची जागा शेवटाला? असं कुठं असतं का? म्हातारं माणूस पुढं पाहिजे." मग दुसरी, तिसरी. बोलाबोली सुरू झाली.

दार उघडलं. याडी उंबऱ्यात उभी राहिली. कमरेत वाकलेली, पण डोळ्यांत जाळ.

"मला शेवटाला काहून ठिवलं गं? मेली व्हय मी?"

 कोमल माझ्याकडं बघायला लागली. एवढ्या वर्षांत याडीनं पहिल्यांदाच स्वतःहून दार उघडून काही विचारलं होतं. मी पुढं गेलो.

"याडी, लेकरांची चूक नाही. फौजेत असंच उभं राहतात. उंच उजवीकडं, बुटका डावीकडं. आमच्या पलटणीत ह्या जागेवर किसन उभा राहायचा."

 याडी रिकाम्या जागेकडं बघत राहिली.

"ह्याच जागी?"

"रोज. शेवटपर्यंत."

"बुटकाच व्हता," ती म्हणाली. "माझ्यावर गेला व्हता." ती थोडं हसली आणि मग डोळे पुसले. या वेळी ती घरात गेली नाही. म्हणून मी उरलेलं बोललो.

"तू मला विचारलं होतंस, पेटीला याडी हाय का. त्या दिवशी ओढ्यापलीकडून एक म्हातारी आली होती. तुझ्याएवढी. किसननं तिला हात धरून पाण्यातून आणलं. तिचं मत त्या पेटीत होतं. ती त्याच्या गालाला हात लावून काही बोलली. किसन म्हणाला, आपली याडी बोलती तसंच बोलली."

"अन् तिचं मत मोजलं का?"

"मोजलं. पेटी पोचली म्हणून मोजलं. ते मास्तर मागाहून पोस्टवर येऊन सांगून गेले."

  याडीनं आत हात घालून काठी घेतली, दार ओढून घेतलं आणि वाकत-वाकत जाऊन डावीकडच्या शेवटच्या जागेवर उभी राहिली.

"पार्टी हजर, काका," कोमल म्हणाली. 

मी पंचवीस वर्षांत बऱ्याच परेड बघितल्या. एवढी वेडीवाकडी, आणि मला इतकी अभिमानाची, एकही नव्हती. ओढा कोरडा होता. गावात शाळेच्या अलीकडं पोलिसानं पोरांना थांबवलं. "पुढं फक्त मतदार." पोरं पिंपळाखाली बसली आणि आया आत गेल्या. कोमलला बसवेना. ती उभीच होती, दाराकडं डोळे लावून.

याडी बाहेर आली तेव्हा तिचं एक बोट वर होतं. हळदीनं पिवळ्या बोटावर शाईची काळी रेघ. नातीच्या नाकासमोर बोट धरून म्हणाली, "हे घे तुझा पूल." पोरांनी इतका कल्ला केला, की पोलीसही हसला. पूल अजून झालेला नाही. माणसं येऊन माप घेऊन गेली आहेत. पुढच्या निवडणुकीची रांग कोण लावणार, यावरून पोरांची भांडणं मात्र आत्ताच सुरू आहेत.

परत निघताना कोमलनं पुन्हा फॉल-इन दिलं. आता सवय झाली होती, बाया पटापट उंचीनं लागल्या. रांग पूर्ण झाली. मी "चला" म्हणणार, तेवढ्यात याडी शेजारी उभ्या सुनेला काठीनं डिवचत म्हणाली, "सरक गं जरा."

"काहून?"

"तो माझ्याहून चार बोटं उंच व्हता. त्याची जागा माझ्या अलीकडं."

सून सरकली. तिच्या पलीकडची सरकली. माझ्या शांतापर्यंत सगळी रांग एकेक पाऊल उजवीकडं गेली. सून आणि याडी यांच्यामध्ये एका माणसाची जागा झाली. ती जागा तशीच ठेवून आम्ही तांड्यापर्यंत चालत आलो.