शिकलेला उंदीर

चष्मेवाली खोटं बोलायला अगदी कच्ची. दुकानात एखाद्या बाईला फ्रेम शोभत नसली, तर ‘छान दिसतेय’ एवढं म्हणतानासुद्धा तिचे कान लाल व्हायचे. मालक म्हणायचा, ‘बाई, तुमच्या ह्या कानांमुळे माझं अर्धं गिऱ्हाईक पळतं.’ अशा बाईनं आयुष्यात एकच मोठं खोटं बोलावं आणि ते सहा वर्षं पुरावं, ह्याला काय म्हणायचं! पण बोलली खरी. आणि बोलली ती सख्ख्या बापाशी.

बाप म्हणजे मास्तर. शाळेतले नव्हेत, मोटार शिकवणारे. तीस वर्षं त्यांनी लोकांना गाडी शिकवली. अर्ध्या गावानं त्यांच्या शेजारी बसून घाम गाळला होता. ‘आरसा आधी, मग किल्ली, मग अक्कल’ हे त्यांचं पालुपद. एवढ्या वर्षांत कुणाच्या गाडीला ओरखडा नाही की कुणाशी तंटा नाही. फक्त पोटच्या पोरीला शिकवायला घेतलं, तेव्हा दुसऱ्याच दिवशी दोघांचं असं वाजलं, की तिनं भर चौकात दार उघडलं आणि चालत घरी आली. त्यानंतर तिनं त्यांच्या गाडीच्या स्टिअरिंगला कधी हात लावला नाही. आई गेली, हिचं लग्न झालं, मोडलं, ही परत आली, तरी त्या चौकाचा विषय दोघांनी काढला नाही. आपलेच दात, आपलेच ओठ.

मग मास्तरांना काचबिंदूनं गाठलं. हा आजार भलताच लबाड. समोरचं सगळं लख्ख दिसू देतो आणि कडेचं तेवढं गुपचूप पुसून टाकतो. तिनं त्यांना दुकानात नेऊन अक्षरांच्या तक्त्यासमोर बसवलं, तर त्यांनी शेवटची ओळ धडाधड वाचली आणि शिवाय तळाशी छापलेलं छापखान्याचं नावही वाचून दाखवलं. ‘बघ! आणि म्हणे डोळे गेले.’ तिनं चारदा समजावलं, डॉक्टरांकडून दोनदा वदवलं. मास्तरांचं एकच, ‘मी समोर बघून चालवतो, बाजूला बघून नाही.’ फाटकाचा खांब घासला, तर म्हणे खांबच पुढे आला होता. आता ह्यावर बोलणार काय, कपाळ!

त्याच आठवड्यात दुकानात एक बाई आली. कोपरावर हा एवढा काळानिळा डाग, हातात चष्म्याचे दोन तुकडे. ‘रस्त्याच्या कडेनं चालले होते हो. मागून गाडी आली, आरसा मारून गेली. थांबलासुद्धा नाही मेला! कॉफीच्या रंगाची जुनी गाडी होती.’

कॉफीच्या रंगाची जुनी गाडी गावात एकच होती. मास्तरांची. चष्मेवालीनं बाईला नवी फ्रेम घालून दिली, पैसे घेतले नाहीत, आणि संध्याकाळी दुकानातली चष्म्याच्या काड्या कापायची बारीक पकड पर्समध्ये टाकून घरी आली. मास्तरांच्या जुन्या क्लासचा तक्ता गॅरेजच्या भिंतीवर होताच. कुठली वायर कुठं जाते, सगळं रंगीत. स्टार्टरला जाणारी वायर तिनं शोधली आणि कचकन कापली. दुसऱ्या दिवशी गाडी सुरू होईना तेव्हा म्हणाली, ‘उंदरांनी कुरतडली असेल. मेकॅनिकला विचारलं मी. आता त्यात हात घालण्यात अर्थ नाही म्हणाला.’

मास्तरांनी तिच्याकडे बघितलं. तिचे कान तापले. ‘बरं,’ ते म्हणाले, ‘राहू दे मग.’

हे इतक्या सहज निभावेल असं तिला वाटलं नव्हतं. तिनं सुटकेचा श्वास टाकला, पण तिसऱ्या दिवशी मास्तर बाजारातून पिंजरा घेऊन आले. रोज रात्री त्यात पावाचा तुकडा आणि चार शेंगदाणे लावायचे, रोज सकाळी तोंडही न धुता गॅरेजमध्ये जाऊन बघायचे. पिंजरा रिकामा. साप साप म्हणून भुई धोपटणं ऐकलं होतं, पण ती धोपटायला बापाला आपणच बसवलंय, हे तिला रोज सकाळी खिडकीतून बघावं लागे. थंडी असो, पाऊस असो, मास्तर वाकून पिंजऱ्यात डोकावतायत. ‘कशाला बाबा? जाऊ द्या ना ते,’ ती म्हणायची. ‘आज ना उद्या सापडेल,’ मास्तर म्हणायचे.

आणि दीड वर्षानं सापडला की! अहो, रोज रात्री जेवण मांडून ठेवल्यावर न येऊन सांगतो कुणाला? मास्तरांनी दुकानात फोन केला, गिऱ्हाईक समोर असताना. ‘सापडला गं! चांगला वीतभर आहे!’ त्या दिवशी म्हातारा किती खूश होता म्हणून सांगू. शेजाऱ्यांना बोलावून पिंजरा दाखवला, दोन घास जास्त जेवले, तिच्या डोक्यावरून उगाचच हात फिरवला. एका उंदराचा एवढा आनंद तिला कळेना. तिला एवढंच कळलं, की आपलं खोटं चार पायांवर चालत घरात आलंय. एकामागून दुसरा आला, मग बायकापोरं आली, आणि त्या गाडीत उंदरांनी संसार थाटला.

ते तसंच चाललं असतं. पण ह्या वर्षी मास्तरांच्या किडन्यांनी राजीनामा दिला. सोमवारी आणि गुरुवारी रक्त शुद्ध करायला इस्पितळात जायचं. पहाटेची बस, मध्ये बदलायची दुसरी बस, चार तास मशीन, आणि येताना अंगात त्राण नसलेला माणूस खांद्यावर घेऊन पुन्हा दोन बसेस. मग हिनं दुकान गाठायचं आणि संध्याकाळपर्यंत लोकांना विचारायचं, ‘आता कसं दिसतंय?’ पाच महिन्यांत तिच्या नाकी नऊ आले. रात्री अंथरुणावर पडली की अंगाची लाकडं झालेली असत. एकदा बसमध्ये उभ्या उभ्या झोप लागली आणि जाग आली ती मास्तरांच्या आवाजानं. ते परक्या माणसाला सांगत होते, ‘जरा धरा हो माझ्या मुलीला.’ त्या दिवशी तिला रडूच आलं.

गाडी दारात होती. तिनं दुसऱ्या एका क्लासला गुपचूप नाव घातलं, सुटीच्या दिवशी शिकली, परवाना काढला. वायरीची तिला फारशी भीती नव्हती. उंदरांनी एवढा धुमाकूळ घातल्यावर आपली एक वायर कुणाच्या लक्षात येणार? दरोडा पडलेल्या घरात वाटी कुणी उचलली हे कोण विचारतो! ती मास्तरांना म्हणाली, ‘गाडी सुरू करून घेऊ. जायला यायला होईल.’ कोण चालवणार हे ती बोलली नाही. मास्तरांनीही विचारलं नाही. नुसती किल्ली शोधून जुन्या धोतराच्या फडक्यानं पुसत बसले.

गाडीच्या वायरिंगचं काम करणाऱ्याला गावात बोका म्हणत. का, तर उंदरांवर जगतो. साठीचा, गुडघे गेलेला, जिभेला हाड नसलेला. त्यानं बॉनेट उघडलं आणि नाक दाबून मागे सरला. ‘ताई, ही गाडी नाही, चाळ आहे.’

एअर फिल्टरच्या डब्यात घरटं, तेही मागच्या सीटच्या फोमचं. पेट्रोलची नळी कुरतडलेली. वायरींवरचं प्लास्टिक इतकं खाल्लेलं, की आतलं तांबं उघडं पडलेलं. टाकीतलं पेट्रोल सडून चिकट झालेलं, ब्रेक गंजून चाकांना चिकटलेले, चारही टायर बसलेले. बोका चार दिवस राबला. टाकी धुतली, इंजिनात थोडं तेल सोडून ते आधी हातानं फिरवून बघितलं, घरटी उपसली, आत हवा सोडणारा पंखा घासला तरी वास जाईना म्हणून तो अख्खाच बदलला. वायरी एकेक करून सोडवायच्या, तुकडा जोडायचा, कथलाचा डाग द्यायचा, टेप गुंडाळायची. चष्मेवाली दुकानातून आली की टॉर्च धरून उभी राहायची. उभं राहवत नसे, पण आत जाऊन बसवतही नसे.

चौथ्या दिवशी बोक्यानं वायरींच्या जुडग्यामागून दोन टोकं ओढून काढली. डोळ्यांजवळ नेली. मग तिच्या चेहऱ्याकडे बघितलं.

‘उंदराचे दात असे नसतात, ताई. उंदीर कडेनं कुरतडतो, चिंध्या करतो. हे बघा, सरळ. सुरीनं लोणी कापावं तसं.’ त्यानं आवाज खाली आणला. ‘हा उंदीर शिकलेला दिसतो.’

तिचे कान पेटले. ‘बाबांना सांगू नका,’ ती म्हणाली. ‘पाया पडते.’

‘मला काय करायचंय? मी जोडणारा माणूस,’ बोका म्हणाला आणि त्यानं तिच्यासमोरच त्या दोन टोकांना डाग देऊन वर टेप गुंडाळली. सहा वर्षांचं पाप अर्ध्या मिनिटात झाकलं गेलं.

ती चहा आणायला आत गेली. परत आली तेव्हा मास्तर गॅरेजच्या दारात स्टूल टाकून बसले होते. त्यांचा आवाज ऐकून ती ट्रे घेऊन तशीच थबकली.

‘बोक्या, खरं सांग. स्टार्टरची वायर. तीही उंदरांनीच?’

‘उंदरांनीच मास्तर. सगळा त्यांचाच उद्योग.’ उंदराला मांजर साक्ष!

मास्तरांनी डोळे मिटले. ‘बरं झालं बाबा. जीव भांड्यात पडला. तुला म्हणून सांगतो, तेव्हा मला पोरीचा संशय आला होता. तिचे कान लाल झाले होते. मेकॅनिकला बोलावलं नाही ते त्यासाठीच. त्यानं उघडून बघितलं असतं आणि तसंच निघालं असतं तर? मग ह्या वयात एका घरात राहायचं कसं? म्हणून पिंजरा लावायचो. म्हटलं, एक उंदीर सापडू दे. एकच. म्हणजे माझी पोर खरी. दीड वर्ष रोज सकाळी देवाला हेच म्हणायचो. ज्या दिवशी सापडला ना, त्या दिवशी मी गॅरेजमध्ये बसून रडलो.’

ट्रेमधले कप वाजायला लागले. मास्तरांनी मान वळवली. ‘ये गं. ऐकलंस ना? चुकलो मी. पोटच्या पोरीवर संशय घेतला. मनात ठेवू नकोस.’

मार परवडला असता, शिव्या परवडल्या असत्या. पण ही माफी तिला सोसेना. तिनं ट्रे बॉनेटवर ठेवला.

‘बाबा, ती वायर मी कापली.’

बोक्याला एकदम आठवलं की त्याला टेप आणायची आहे. तो चहा न घेताच गेला.

‘मग उंदीर?’ मास्तर म्हणाले.

‘उंदीर नंतर आले. तुमच्या शेंगदाण्यांवर.’

मास्तर स्टुलावरून अर्धे उठले. ‘सहा वर्षं! चार शब्द बोलायला तोंड नव्हतं तुला?’

‘चारदा बोलले! तुम्ही ऐकलंत? खांब पुढे आला म्हणालात!’ तिचा आवाज चिरकला. इतक्या वर्षांचं सगळं एकदम वर आलं. ‘खांबाचं काही नव्हतं हो. एक बाई होती. कडेनं चालली होती. तुमचा आरसा लागला तिला. चष्मा फुटला तिचा, हात सुजला. माझ्याच दुकानात आली. म्हणाली, थांबलासुद्धा नाही.’

चहावर साय धरली.

‘मी थांबलो नाही?’

‘तुम्हाला दिसलीच नाही ती, बाबा.’

‘फार लागलं होतं?’

‘मुका मार. बरी झाली.’

मास्तरांनी नुसती मान हलवली, भिंत धरत धरत आत गेले आणि रात्री जेवले नाहीत. ती दारापाशी दोनदा जाऊन आली. झोपायच्या आधी मात्र ते बाहेर आले, पिंजरा उचलला आणि शेंगदाणे मोजून लावायला बसले.

‘आता कशाला?’ ती कशीबशी म्हणाली.

‘आता खरेच आहेत ना,’ मास्तर म्हणाले.

गुरुवारी पहाटे ती आवरून गॅरेजमध्ये गेली, तर मास्तर आधीच गाडीत बसलेले. स्टिअरिंगवर नव्हे. शेजारी, जिथं बसून त्यांनी अर्धं गाव शिकवलं होतं, त्या जागी. पट्टा लावलेला, मांडीवर इस्पितळाची फाईल. त्यांनी किल्ली तिच्यापुढे धरली. ती स्टिअरिंगवर बसली.

‘आरसा आधी,’ मास्तर म्हणाले.

तिनं आरसा नीट केला, किल्ली फिरवली. इंजिन दोनदा खोकलं आणि लागलं. गाडी हळूहळू फाटकातून अर्धी बाहेर आली आणि तिनं ब्रेक दाबला. मास्तरांनी खिडकीकडे मान वळवली, थोडा वेळ तशीच ठेवली, मग पुन्हा समोर केली.

‘ह्या बाजूनं कुणी येतंय का, तूच बघ,’ ते म्हणाले. ‘मला दिसत नाही.’